एक गिटार, एक ॲम्प: आयुष्यभराची जोडी कशी निवडावी

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडे एखादा जुना तंबोरा दुरुस्तीला आला की कारागीर आधी भोपळा आणि दांडी बघतो. घोडी झिजली असेल तर जवारी नव्याने काढता येते. तारा बदलता येतात, खुंट्या बदलता येतात. भोपळा तडकलेला नसला आणि दांडी सरळ असली की तो तंबोरा पुढच्या पिढीलाही पुरतो. इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प घेताना मी हाच हिशेब धरतो. कायमची ठेवायची वस्तू घेताना, जे पुढे कधीच बदलता येणार नाही ते आजच मनापासून आवडलं पाहिजे. जे बदलता येतं त्यापायी चांगली गिटार सोडायची नाही, आणि त्याला भुलून वाईट गिटार उचलायची नाही.

हा लेख वर्ष-दोन वर्षं वाजवलेल्यांसाठी आहे. शिकायला घेतलेली पहिली गिटार घरात आहे, हात बसलाय, आणि आता एकच चांगली घेऊन तिच्याबरोबर राहावं असं वाटतंय, अशांसाठी.

पहिली पायरी: महिनाभर वही ठेवा

दुकानात जाण्याआधी एक महिना, हाताशी असलेल्या गिटारवर रोज काय वाजवलं ते एका ओळीत लिहून ठेवा. किती वेळ वाजवलं, बसून की उभ्याने, कॉर्ड की सोलो, हेडफोन लावून की उघड्यावर. एवढंच.

महिन्याने वही वाचली की बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. मनात असतो मोठा स्टेज आणि मोठं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज. वहीत असतं रात्री साडेनऊला पलंगाच्या कडेला बसून, हळू आवाजात वाजवलेलं अर्धा तास क्लीन, म्हणजे न फाटलेल्या आवाजातलं काम. गिटार वहीतल्या माणसासाठी घ्यायची. जे रोज होतं त्याला जी सोयीची, तीच पुढची वीस वर्षं हातात राहते.

दुसरी पायरी: आधी नेक, मग बाकी सगळं

रंग, पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग), कंपनीचं नाव हे सगळं बाजूला ठेवा. डावा हात दिवसभर ज्याला धरून असतो ती नेक. तिचा आकार, स्केलची लांबी, फ्रेटबोर्डची, म्हणजे नेकवरच्या बोटं टेकवायच्या पट्टीची, गोलाई आणि एकूण वजन, या चार गोष्टी गिटार बनतानाच ठरतात. बोल्टवाली नेक बदलता येते हे खरं, पण नेक बदलली की हाताला ती दुसरीच गिटार असते.

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावर तारा टेकतात तो आधार) तारेचा जेवढा भाग वाजतो त्याची लांबी. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारींची स्केल २५.५ इंच, म्हणजे साधारण ६४८ मिलिमीटर. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारची २४.७५ इंच, साधारण ६२८ मिलिमीटर. फरक दोन सेंटीमीटरचा, पण हाताला तो लगेच कळतो. तार तीच आणि सूर तोच असला तर लांब स्केलवर तार जास्त ताणावी लागते. त्यामुळे खर्जाच्या तारा टणक आणि स्वच्छ बोलतात, पण बेंडला, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवायला, जोर लागतो. आखूड स्केलवर तार मऊ लागते आणि फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ येतात. बोटं लहान असतील तर याचा मोठा आधार असतो.

फ्रेटबोर्ड वरून सपाट दिसला तरी तो थोडा गोल असतो. जुन्या पद्धतीच्या फेंडरवर ही गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, आजच्या बऱ्याच फेंडरवर ९.५ इंच, आणि गिब्सनवर १२ इंच. आकडा लहान तेवढी गोलाई जास्त. जास्त गोल फ्रेटबोर्डवर एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बॅरे कॉर्ड सहज धरता येतात, पण तारा अगदी खाली ठेवल्या तर वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेताना सूर मध्येच गुदमरतो. वहीत कॉर्ड जास्त आहेत की बेंड, ते इथे कामाला येतं.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि दोन वर्षांनी खांदा तक्रार करतो. माझी पहिली महाग गिटार साडेचार किलोच्या वर होती. दुकानात स्टुलावर बसून ती वाजवली तेव्हा काहीच जाणवलं नाही. घरी उभा राहून तासभर सराव केला की डाव्या खांद्यापासून मानेपर्यंत ठणका लागायचा. तिचा आवाज मला अजून आठवतो, फार सुंदर होता. तरी ती विकावी लागली, कारण मी तिला हात लावायचं टाळू लागलो होतो. म्हणून दुकानातच पट्टा लावून वीस मिनिटं उभं राहून वाजवा. साडेतीन किलोच्या आसपासची गिटार बहुतेकांना पेलते.

आता माझं मत. पहिल्यांदाच कायमची गिटार घेताय आणि मन कुठेच ठाम नाही, तर टेलिकास्टरच्या घडणीची गिटार बघा. फेंडरने ही घडण १९५० साली बाजारात आणली आणि टेलिकास्टर हे नाव तिला १९५१ साली मिळालं. तेव्हापासून मूळ रचना जवळजवळ तीच आहे. नेक चार स्क्रूंनी बसवलेली, पिकअप दोन, स्विच एक, बटणं दोन. प्रत्येक सुटा भाग आज मिळतो, उद्याही मिळेल, आणि सोल्डरिंग येणारा कुणीही ती उघडून नीट करू शकतो. १९५२ सालची लेस पॉल आणि १९५४ सालची स्ट्रॅटोकास्टर यांचेही भाग सगळीकडे मिळतात. लेस पॉलच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा, की तिचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि नटच्या मागे लाकूड नाजूक असतं. स्टँडवरून पाठीवर पडली तर तिथे तुटते. चांगल्या कारागिराने चिकटवलेला जोड पक्का बसतो, पण लहान मुलं धावत असलेल्या घरात ती भिंतीला टांगूनच ठेवावी. वेगळाच आकार, वेगळाच ब्रिज आणि त्या एकाच कंपनीचे सुटे भाग असलेली गिटार मात्र कायमसाठी घेऊ नका. पंधरा वर्षांनी त्यातला एक स्प्रिंग शोधत बसावं लागतं.

तिसरी पायरी: दुकानात काय तपासायचं

मुंबईत धोबी तलावला किंवा तुमच्या शहरात जिथे चार गिटार हातात घेऊन बघता येतात तिथे जा, शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना. सोबत क्लिपवाला ट्यूनर आणि एक जुना, पातळ पत्ता न्या. खेळायचा पत्ता.

ॲम्प लावू नका. गिटार कोरडीच वाजवा. डोळे मिटा आणि प्रत्येक गिटारवर तीच तीन कामं करा: पहिल्या फ्रेटवर एफचा बॅरे, मोकळा जी कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत, आणि तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटपासून एक सावकाश बेंड. हात वेगळं काही वाजवायला धावेल, पण तीनच कामं केली तर चार गिटारमधला फरक उघडा पडतो. जी कॉर्ड विरताना पोट आणि छातीला कंप जाणवतो का ते बघा. लाकूड बोलतंय की नाही हे तिथे कळतं. कोरडी असताना जी गिटार मुकी वाटते, तिला पिकअप बदलून मी तरी कधी बोलतं झालेलं पाहिलं नाही.

मग नेक बघा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार एकाच वेळी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. दाबलेली तार म्हणजे सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली तो पत्ता जेमतेम सरकला पाहिजे. फट पत्त्यापेक्षा बरीच मोठी असली, किंवा तार फ्रेटला चिकटूनच असली, तर नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून ती ठीक करता येते. दुकानदाराला तुमच्यासमोर पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. रॉड फिरत नसेल, किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर गिटार खाली ठेवा. नेकला पीळ बसलेला असेल तरीही तेच. वापरलेली गिटार कितीही स्वस्त मिळत असली तरी या दोन दोषांवर तडजोड करू नये.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे येतात का ते पाहा. थोडा फरक ब्रिजच्या स्क्रूने जातो. तळहाताची कड नेकच्या दोन्ही बाजूंनी नटपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर लाकूड सुकून आकसलंय, कानसने ती घासून घेता येतात.

फ्रेटबोर्ड बहुधा शिसवीचा किंवा मेपलचा असेल. सह्याद्रीत वाढणारी, आपल्याकडे जुन्या पलंगांना आणि कपाटांना वापरलेली जी शिसवी, तीच जगभरच्या गिटारींवर इंडियन रोझवूड म्हणून असते. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली होती आणि गिटार सीमेपार नेणं किचकट झालं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलची शिसवी मात्र १९९२ पासून कडक बंदीत आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडून जुनी गिटार मागवताना हे विचारून घ्या.

चौथी पायरी: ज्याची काळजी करायची नाही

पिकअप, नट, ट्यूनिंग की, पॉट (बटणाखालचा विजेचा भाग), स्विच, सॉकेट, आणि झिजलेले फ्रेटसुद्धा. हे सगळं बदलता येतं. आवाज खरखरतोय तर पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून बटण वीसदा फिरवलं की बहुधा जातं. ट्यून करताना नटपाशी टिंग असा आवाज येऊन सूर उडी मारतो, तेव्हा तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं.

आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलघर याने १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर १९६३ साली कॉर्कमधल्या दुकानातून शंभर पौंडांना घेतली आणि मरेपर्यंत वाजवली. घामाने तिचा जवळजवळ सगळा रंग उडाला, ट्यूनिंग की एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, भाग बदलत गेले. गिटार तीच राहिली.

पिकअपबद्दल एकच गोष्ट माहीत हवी. सिंगल कॉइल पिकअप विजेची घरघर उचलतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर खालच्या जी सुराच्या आसपास बसते आणि ट्यूबलाइट किंवा संगणकाजवळ गेलं की वाढते. गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी उलट दिशेच्या दोन कॉइल जोडून हंबकर घडवला. तो १९५७ पासून लेस पॉलवर आला आणि त्यात ही घरघर कापली जाते. टेलिकास्टरचा टोकदार आवाज हवा असेल तर थोडी घरघर सोबत घ्यावी लागते.

तारेला हात लावला की घरघर कमी होते, हे बहुतेक गिटारींत होतं, दोष नाही. पण तारेला हात लावून बोटाला मुंग्या आल्या किंवा झटका बसला तर तिथेच थांबा, ॲम्पचा स्विच बंद करून प्लग काढा. घराचं अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका. जुन्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनच्या मागे वायरच नसते, हे मी स्वतः उघडून पाहिलंय. इलेक्ट्रिशियनला बोलवून ते आधी करून घ्या. हा खर्च ॲम्पच्या खर्चातच धरा.

पाचवी पायरी: ॲम्प खोली बघून घ्या

गिटार हात ठरवतो, ॲम्प खोली ठरवते. क्रमही हाच ठेवा: आधी गिटार, आणि मग तीच गिटार घेऊन ॲम्प बघायला जा.

वॉटच्या आकड्याने सगळ्यांची फसगत होते. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या ॲम्पच्या दहापट मोठा नसतो, जेमतेम दुप्पट वाजतो. ५ वॉटच्या ट्यूबवाल्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) ॲम्पचासुद्धा आवाज पूर्ण वाढवला तर फ्लॅटमध्ये शेजारी दार वाजवतील. निवासी भागासाठी आपल्याकडच्या नियमात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने ५ ते १५ वॉटच्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ढोलकीबरोबर किंवा ड्रमसेटबरोबर वाजवायचं असेल तर १५ ते २२ वॉट पुरतात. मोठ्या कार्यक्रमात माइक लागतोच.

आतली तंत्रं तीन. ट्यूबवाला, ट्रान्झिस्टरवाला आणि डिजिटल मॉडेलिंग, म्हणजे दुसऱ्या ॲम्पच्या आवाजांची नक्कल करणारा. ट्यूब ॲम्प बोटांच्या जोराला उत्तर देतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर थोडा फाटतो. त्या प्रेमात पडलं की सुटका नसते. पण तो जड असतो, तापतो, आणि पॉवर ट्यूब काही वर्षांनी बदलाव्या लागतात. ट्यूब ॲम्प घेतला तर दोन नियम जन्मभर पाळा. स्पीकर जोडलेला नसताना तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

ट्रान्झिस्टरवाल्याला कमी लेखू नका. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ सालचा ट्रान्झिस्टर ॲम्प, आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी लोक तो आजही घेतात. वहीत क्लीन काम जास्त असेल तर या कुळातला लहान ॲम्प आयुष्यभर साथ देईल. मॉडेलिंग ॲम्प सरावाला उत्तम, हेडफोनची सोय उत्तम, पण कायमचा म्हणून मी तो सुचवणार नाही. त्यातला बोर्ड बिघडला आणि कंपनीने तो बनवणं थांबवलं असलं की दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

व्होल्टेजचं कळकळीने सांगतो, कारण ते मला महागात पडलं. अमेरिकेतून परतताना मामेभावाने माझ्यासाठी एक जुना ट्यूब ॲम्प आणला. पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नव्हती म्हणून आम्ही ॲडॉप्टर लावला. पाठीमागे १२० व्होल्ट असं स्पष्ट छापलेलं होतं, ते कुणी वाचलं नाही. दिवा लखकन पेटला, टप् असा आवाज आला आणि फ्यूज गेला. मी त्याहून जाड फ्यूज घातला आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी जळक्या व्हार्निशचा उग्र वास सुटला आणि झाकणाच्या जाळीतून निळसर धूर वर आला. पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला होता. शेवटी मोटरी भरणाऱ्या एका कारागिराने तो २३० व्होल्टसाठी नव्याने वाइंडिंग करून दिला, आणि तो ॲम्प आजही चालतो. साधी रचना होती म्हणून वाचला. ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेतल्या ॲम्पला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, तोही ॲम्पच्या मागे छापलेल्या वीजवापराच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा. त्यापेक्षा २३० व्होल्टचाच ॲम्प इथे विकत घ्यावा. गिटार आणायला सांगा, ॲम्प सांगू नका.

स्पीकर आठ, दहा किंवा बारा इंची. आठ इंचीत खर्ज पातळ येतो. घरासाठी दहा इंची मला सगळ्यात समतोल वाटतो. स्पीकर पुढे बदलता येतो, पेटीचं माप बदलत नाही.

सहावी पायरी: जोडी घरी ऐका

शक्य असेल तर ॲम्प दोन दिवस घरी आणा, मित्राकडून का होईना. एकच केबल, आवाज बदलणारं एकही पेडल नाही. ॲम्पचा आवाज तुमच्या रोजच्या पातळीवर ठेवा आणि गिटारचं व्हॉल्यूम बटण दहावरून सहावर आणा. आवाज स्वच्छ होतो की नुसताच मेंगळट होतो? स्वच्छ होत असेल तर त्या एका बटणात तुमचे दोन-तीन आवाज आहेत. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर १९६३ पासून घरीच गिटार घडवायला घेतली, नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं, आणि त्या गिटारला व्हॉक्स एसी-३० ॲम्पची जोड दिली. ती जोडी त्यांनी दशकानुदशकं ठेवली. त्यांचे कित्येक वेगळे आवाज गिटारवरच्या स्विचांतून आणि व्हॉल्यूम बटणातून निघतात.

दुसऱ्या दिवशी कान ताजे असताना पुन्हा ऐका. पहिल्या दिवशी चमकदार वाटलेला आवाज दुसऱ्या दिवशी कानात टोचला, तर तो ॲम्प परत करा.

सातवी पायरी: सेटअप आणि पावसाळा

एकूण रकमेतला दहावा भाग सेटअपसाठी, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट जुळवून घेण्यासाठी, आधीच बाजूला काढा. नवी गिटारसुद्धा पेटीतून जशी येते तशी क्वचितच वाजवण्याजोगी असते. तारांची जाडी एकदा ठरवा, ०.०१० ते ०.०४६ इंचाचा संच बहुतेकांना चालतो, आणि मग तीच ठेवा. जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो आणि सेटअप पुन्हा करावा लागतो. बाराव्या फ्रेटवर सहावी तार साधारण २ मिलिमीटर आणि पहिली दीड मिलिमीटर उंच, इथून सुरुवात करा.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत आणि गोव्यात जुलैमध्ये ती ८० च्या वर असते, तर देशावर एप्रिल-मेमध्ये हवा कोरडीठाक. म्हणून वर्षातून दोनदा नेक तपासायची: मृग लागल्यावर पंधरा दिवसांनी, आणि दिवाळीनंतर. पावसाळ्यात गिटार बंद केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पुड्यांमधल्या दाण्यांचा रंग बदलला की दाणे बाहेर काढून तव्यावर मंद आचेवर फिरवून पुन्हा वापरा, पण तो तवा स्वयंपाकासाठी वापरू नका. वाजवून झालं की तारा सुती कपड्याने वरून आणि खालूनही पुसा. घाम आणि दमट हवा मिळून तारा दोन आठवड्यांत गंजवतात.

केसच्या खिशात एक जाड कागद ठेवा. त्यावर सीरियल नंबर, तारांची जाडी, बाराव्या फ्रेटवरची उंची, शेवटच्या सेटअपची तारीख, आणि ट्यूब ॲम्प असेल तर ट्यूब कधी बदलल्या ते लिहा. ट्रस रॉडची ॲलन की त्याच खिशात टाका. तिचं माप कंपनीप्रमाणे बदलतं आणि चुकीच्या मापाची की रॉडचं तोंड खराब करते. ती की कुठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.